आजाऱ्यापुढे कोणते गाणे?

देपालपुरात एका आजारी बंधूंना भेटावयास आम्ही चौघे गेलो होतो. पेटी, झांजा, गीतांचे पुस्तक, सारा सरंजाम बरोबर होता. दोन गीते होताच त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केले. उत्साहाच्या भरात आम्ही तिसरे सुरू केले! निघताना त्यांची पत्नी हळूच म्हणाली, "दादा, पुढल्या वेळी पेटी नका आणू." ते शब्द मला अजून बोचतात.

संगीताने आजाऱ्यास आराम पडतो यात संशय नाही. शस्त्रक्रियेपूर्वी गाणे ऐकविल्यास रुग्णाची भीती कमी होते, असे रुग्णालयांतील प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. दाविदाच्या वीणेने शौल राजालाही चैन पडे (१ शमुवेल १६). पण वाचकहो, दोनच अध्याय पुढे वाचा. दावीद वाजवीत असतानाच शौलाने त्याच्यावर भाला फेकला. वीणा तीच, हात तोच. मनातला हेवा मात्र सुरांना काढता आला नाही. नीतिसूत्रे (२५:२०) तर खिन्न माणसापुढे गाणी म्हणणाऱ्याला थंडीत दुसऱ्याचे वस्त्र काढून घेणाऱ्याच्या पंक्तीस बसवितात.

आमच्या माळव्यातलीच गोष्ट घ्या. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. सुमारे पाच वर्षे या गवयाने अंथरुणावर पडून केवळ ऐकले : येणाऱ्याजाणाऱ्यांची माळवी लोकगीते, फिरत्या भजनी लोकांची निर्गुणी भजने. एक फुप्फुस निकामी झाले ते झालेच. तरी १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि त्या लोकधुनांनी त्यांच्या गाण्याला नवे वळण दिले.

संगीताने त्यांचा क्षय बरा केला, असे सांगणारे भाबडे लोक भेटतात. ते खरे नव्हे. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या काळात नव्यानेच मिळू लागले होते, आणि पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषेत कसूर केली नाही. औषधाचे श्रेय गाण्यास देणे हा खोटेपणा आहे. त्यावर विसंबून कोणी गोळ्या बंद केल्या, तर तो जिवावर बेतेल.

मग त्या गीतांनी काय केले? मला वाटते, ती गाणारी माणसे कुमारांसाठी गातच नव्हती, हेच महत्त्वाचे. ती आपापल्या वाटेने चालली होती. कान द्यावा की न द्यावा, हे खाटेवरच्या माणसाच्या हाती होते. आजाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. औषधाची वेळ दुसऱ्याने ठरवायची, जेवण दुसऱ्याने, कूस वळविण्यासही कित्येकदा दुसऱ्याचा हात लागतो. उरलेसुरले आम्ही पेटी घेऊन काढून घेतले. आम्ही त्यांच्यासाठी गात होतो, की भेटीचे कर्तव्य पार पडल्याच्या आपल्याच समाधानासाठी?

गेल्या आठवड्यात रिकाम्या हातांनी गेलो. "काही ऐकावेसे वाटते का?" असे विचारले. बराच वेळ ते गप्प होते. मग आई म्हणायची ते एक माळवी गाणे त्यांनी सांगितले. आम्हा चौघांपैकी कोणालाच ते येत नव्हते. त्यांच्या पत्नीने चुलीपाशी बसूनच ते गुणगुणले. आम्ही ऐकत बसलो.