विचारलं तेवढंच

पहाटे बॅटरीच्या उजेडात मामा आणि मी सोनचाफा खुडत होतो. वसईच्या वाड्यांतली फुलं उजाडायच्या आत दादरच्या बाजाराकडे निघावी लागतात. मामा आकडीने फांदी वाकवायचे, मी कळ्या टोपलीत टाकायचे. चार दिवस मनात अडकलेलं तेव्हाच बाहेर आलं.

"मामा, माझी गाडीतली मैत्रीण आहे ना, तिचा मुलगा आयसीयूत आहे. परवा तिने माझ्या हातातली जपमाळ पाहून विचारलं, 'यात तू काय म्हणतेस गं?' मी म्हटलं, 'काही नाही, असंच.' आणि माळ पर्समध्ये टाकली."

"का?"

"ती खचलीय. बुडणाऱ्या माणसाला दोरी टाकायची आणि बाहेर आल्यावर दाम मागायचा, तसं वाटलं मला."

"तू दाम मागणार होतीस?"

"मी नाही. पण तिला तसं वाटलं असतं. डब्यातल्या इतर बायकांना तर नक्कीच. मामा, माझी आई आजारी होती तेव्हा हिनेच शेगावचा अंगारा आणून दिला होता. मी घेतला, अजून पर्समध्ये आहे. तिने दिला तर ती माया. मी येशूचं नाव काढलं तर ते धर्मांतर."

मामा थांबले. "हे खरं आहे. दिब्रिटो फादर 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काहींनी त्यांच्या फादर असण्यावरच बोट ठेवलं. सुबोध बायबल मराठीत आणणारा, हरित वसईसाठी लढणारा माणूस. आपल्याकडे पाहायची एक नजर तयार झालीय, पोरी. पण ती का तयार झाली, हेही बघायला हवं."

त्यांनी बोट केलं ते अंधारात न दिसणाऱ्या किल्ल्याच्या दिशेने. 1534 ते 1739, दोनशे वर्षं वसई पोर्तुगीजांच्या हातात होती. आपल्या पूर्वजांपैकी कोण मनापासून ख्रिस्ती झालं, कोण भीतीने, कोण सवलतीसाठी, हे आज कुणाला सांगता येणार?

"चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तरी आपली माणसं चर्चला जात राहिली. खरी श्रद्धा मी तिथून मोजतो. सत्तेच्या हातून आलेली सुवार्ता संशयाचीच असते."

"मग माझ्याकडे कुठली सत्ता आहे?"

"तुझा मुलगा घरी झोपलाय. तिचा आयसीयूत आहे. एवढी सत्ता पुरे."

मला ते फार लागलं. मी इतके दिवस मलाच अल्पसंख्य, मलाच दुबळी समजत होते.

"म्हणजे मी गप्प राहिले ते बरोबरच?"

"नाही. तू गप्प राहिली नाहीस, खोटं बोललीस. जे तुझ्यासाठी सगळं आहे, त्याला 'काही नाही' म्हणालीस. शिवाय तिला काय झेपेल, काय नाही, हे तूच ठरवून टाकलंस. मोठ्या बाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला नको?"

"कायद्याने प्रसाराचा हक्क आहे, ते ठाऊक आहे मला. घटनेचं 25 वं कलम. आणि 1977 च्या निकालात कोर्टाने हेही म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही."

"कोर्टाने रेघ मारली, पण गाडीच्या बाकावर ती रेघ दिसते का? आपला गोन्सालो गार्सिया आठव. वसईचा मुलगा, जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला. पाद्र्यांचा दुभाषा तोच. 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. दुभाष्याला आधी समोरच्याचं पूर्ण ऐकावं लागतं."

"पण मामा, माझी अडचण वेगळी आहे. मला खरंच वाटतं की मला मिळालेला आधार तिलाही मिळावा. ते वाटत असताना विचारलं तेवढंच सांगून थांबणं मला जमणार नाही."

मामांनी टोपली केळीच्या पानाने झाकली. "समज, मुलगा बरा झाला आणि ती अनवाणी सिद्धिविनायकाला गेली. तू पेढा घेशील?"

"घेईन."

"दुखेल?"

मी बराच वेळ बोलले नाही. "थोडं दुखेल."

"दुखू दे. पण पेढा घे. आणि तोवर तिचा जेवणाचा डबा तू पोचवत राहा, ती काहीही म्हणो."

सकाळच्या गाडीत मी तिच्या शेजारी बसले आणि आपणहून माळ काढली. म्हटलं, "परवा मी नीट सांगितलं नाही. मी मरियेला म्हणते, तूही आई आहेस, आमच्यासाठी तुझ्या मुलाकडे शब्द टाक."

नायगाव गेलं. खाडीचा पूल आला तशी तिने नेहमीप्रमाणे पाण्याकडे बघून हात जोडले. मग विचारलं, "यात माझ्या मुलाचं नाव घेता येतं?"

"रोज घेते."

पुढचं सगळं माझ्या ओठांवर होतं. भाईंदर गेलं, मीरा रोड गेलं, मी ते बोलले नाही. तिने मात्र माळेचं टोक हातात धरून ठेवलं होतं, आणि मी ते सोडवून घेतलं नाही.