आईची झोप

सीमोल्लंघन झालं की आमच्या तुळजापुरात भवानीआई पलंगावर निजते, ती थेट कोजागरीपर्यंत. ही श्रमनिद्रा. नवरात्राआधी घोरनिद्रा, पौषात मोहनिद्रा. वर्षातून तीनदा मूर्ती सिंहासनावरून उचलून निजवतात. देवी थकते, हे लहानपणापासून ठाऊक होतं. घरातली आई थकते, हे मला चाळिशीत कळलं.

दसऱ्याचा पै-पाहुणा जेवूनखाऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती देवघरापाशी, परडीशेजारी, भिंतीला टेकून झोपलेली. गळ्यात कवड्यांची माळ, नखांत वाळलेलं पुरण. मी दार ओढून घेतलं. भांडी घासताना नळ बारीक सोडला. किती वर्षं हिच्या हातचं आयतं जेवले!

उठल्यावर म्हणाली, "देवळात गेली नाहीस का गं?"

"दर्शन झालं, माय."