निष्काम

वेळ न लावता पावतो तो वेळणेश्वर, असे गुहागर तालुक्यातल्या या किनाऱ्यावर सांगतात. आणि कुलस्वामीपुढे हात जोडले की मागणे ओठांवर येतेच, त्यात गैर काही नाही. पण सज्जनहो, याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १९०८ साली मठ काढला, त्याला 'निष्काम कर्म मठ' म्हटले, तेव्हा त्यांनी मागणे सोडले होते काय?

मुळीच नाही. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून चिखल तुडवत हिंगण्याच्या आश्रमात जाणारे हे प्राध्यापक विधवांच्या शिक्षणासाठी गावोगाव वर्गणी मागत आणि पैपैचा हिशेब ठेवत. मठात येणाऱ्याची शपथ एवढीच, की आयुष्य संस्थेचे, स्वतःच्या लाभाची इच्छा नाही, आणि निर्वाहाला संस्था देईल त्यात समाधान. इच्छा तशीच राहिली, फक्त तिचा धनी बदलला. ल्योंमध्ये १८१८ साली क्लोदीन तेवने यांनी स्थापलेल्या आणि पुढे पुण्याच्या लष्करात शाळा चालवणाऱ्या येशू-मेरी संघाच्या सिस्टरांचे व्रत याच जातीचे. मात्र त्या अविवाहित, आणि कर्व्यांच्या मठाला संसारी माणसेही चालत.

निष्काम या शब्दाचा खरा कस लागतो तो देवरुखच्या पार्वतीबाई आठवल्यांपाशी. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या त्या काळच्या बाईला समाजाने आधीच कामनारहित ठरवलेले असे. केस नाहीत, रंग नाही, उद्या नाही. पण जिला काही हवेसे वाटण्याची मुभाच नाही, तिने सोडायचे काय? लादलेल्या रितेपणाला निष्कामता म्हणणे ही मला तरी क्रूर थट्टा वाटते. पार्वतीबाईंना आधी इच्छा कमवावी लागली: पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यात शिकायला बसल्या, शिकवू लागल्या, आणि मग ते कमावलेले सगळे आश्रमाच्या ओंजळीत टाकून १९१८ साली तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकेला गेल्या, तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या, आणि हिंगण्यासाठी लोकांपुढे पदर पसरला.

कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, न मागता. पार्वतीबाईंचे नाव आज देवरुखातही किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. त्यांनी 'माझी कहाणी' लिहून ठेवली आहे. मिळाली तर अवश्य वाचा.