उसनी वाळू

तारकर्लीहून देवबागकडे निघालं की उजव्या हाताला समुद्र लागतो आणि डाव्या हाताला कर्लीची खाडी. मधली जमीन म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. नदीने आणून टाकलेली वाळू लाटांनी लोटत, रचत ती घडवली आहे. ही गोष्ट अशाच एका पट्टीवरची.

तिथे एका काकीचं आणि तिच्या पुतण्याचं घर शेजारीशेजारी होतं. दोघांच्याही दारात माड, माडांपुढे वाळूचं टेकाड आणि त्यापुढे पुळण. टेकाडावर मर्यादवेल पसरलेली. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं. वेल जरा उचलून पाहिली, तर पेरापेराला मुळं फुटलेली आणि प्रत्येक मुळाने चिमूट चिमूट वाळू धरून ठेवलेली.

पुतण्या मुंबईची नोकरी संपवून गावी आला. चार खोल्या बांधून पर्यटक ठेवायचं ठरलं. ओसरीवरून समुद्र दिसेना म्हणून त्याने टेकाड सपाट केलं आणि पुढे जांभ्या चिऱ्यांची छातीभर उंच भिंत घातली.

"गो काकी, तूय घाल भिंत. हो समुद्र चोर आसा. दर पावसाळ्यात वाळू न्हेता."

"चोर खयचो? उसनी न्हेता. दिवाळीक परत हाडून घालता," काकी म्हणाली. "आणि तुझे माड उभे आसत, ती वाळू कोणाची? त्याचीच मा? उसना मागूक इलेल्याच्या तोंडार दार आपटलंस, तर तो पायाखालचा न्हेतलो."

पुतण्या हसला. एवढा खर्च केलेल्या माणसाला दुसरं काय करता येणार?

पावसाळ्यात लाटा उंच असतात आणि एकीच्या पाठीवर दुसरी येते. काकीच्या पुळणीवर त्या चढत, टेकाडाचा पायथा कापत आणि वाळू ओढून नेत. पण ती वाळू फार लांब जात नसे. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध तयार होई आणि मागून येणाऱ्या मोठ्या लाटा त्यावरच फुटत. घरापर्यंत पोचायची ती थकलेली लाट. पाऊस सरला, समुद्र निवळला, की लहान लाटा तीच वाळू ओंजळीओंजळीने पुळणीवर आणून ठेवत. हिशोब दरवर्षी काही चोख जुळत नसे. एका वर्षी काकीचे दोन माडही गेले. त्यांच्या जागी तिने केवडा लावला आणि टेकाड वाढू दिलं.

भिंतीपाशी लाटेला चढायला उतारच नव्हता. ती सगळ्या जोराने आपटायची आणि त्याच जोराने मागे फिरायची. फिरताना भिंतीचा पाया उकरायची. भिंतीमागची वाळू तिच्या हाती लागेना, म्हणून समोरचीच जात राहिली. पहिल्या दोन पावसाळ्यांत भिंतीला चीरसुद्धा पडली नाही. पुतण्या ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवी. तोवर पुळण मात्र एवढी खचली होती की होडी वर ओढायला जागा उरली नव्हती. तिसऱ्या पावसाळ्यात उधाणाच्या एका रात्री खालचे चिरे सरकले आणि मधली दहा हात भिंत तोंडघशी पडली. सकाळी दोन माडांची मुळं उघडी पडून वाऱ्यावर लोंबत होती.

काकी काही बोलली नाही. दिवाळीनंतर तिने आपल्या टेकाडावरच्या मर्यादवेलीचे हातहातभर तुकडे तोडले आणि पुतण्याच्या अंगणात नेऊन ठेवले. त्याने ते मुकाट्याने ओल्या वाळूत खोचले. भिंतीचे उरलेले चिरे विहिरीच्या काठाला लावले.

टेकाड एका वर्षात उभं राहत नाही. पुढच्या भाद्रपदात पुतण्याच्या दारातून पाण्यात उतरायला वाट नव्हती. त्याने गणपती डोक्यावर घेतला आणि तो विसर्जनाला काकीच्या पुळणीवरून नेला.