गुडघ्याचे दुखणे आणि रोग्याचे कर्तेपण

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, म्हणजे सांध्यातील कूर्चा झिजून जडणाऱ्या संधिवातावर, लेसर अधिक गुणकारी की रूढ फिजिओथेरपी, हा प्रश्न वरकरणी निव्वळ वैद्यकाचा वाटतो. परंतु उपचारानेच गुण आला हे कशावरून म्हणायचे, असे विचारले की तो प्रमाणविचाराचा, म्हणजे ज्ञान खरे कशाच्या आधारे ठरते याचा, प्रश्न होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय हीच शंका पुनर्वसु आत्रेयांपुढे मांडतो. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चारही पाद उत्तम असताना काही रोगी दगावतात आणि त्यांच्यावाचून काही बरे होतात, तेव्हा औषध देणे आणि न देणे सारखेच ठरते, असे त्याचे म्हणणे आहे. आत्रेय उत्तर देतात की, पडलेला मनुष्य स्वतःच्या बळावर उठू शकत असला तरी कोणी हात दिल्यास तो लवकर आणि विनासायास उठतो. उत्तर समंजस आहे. मात्र उठण्याचे श्रेय हाताचे किती आणि उठणाऱ्याचे किती, हे वेगळे काढण्याची रीत त्यात नाही.

ती रीत आधुनिक चाचणीने दिली. ज्यात खरा घटक नाही असा हुबेहूब दिसणारा उपचार, म्हणजे प्लासिबो, काही रोग्यांना द्यायचा आणि दोन्ही गटांची तुलना करायची. लेसर या कसोटीला उत्तम जुळतो. 1960च्या दशकात बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेला हा मंद शक्तीचा प्रकाश ऊती भाजत नाही. पेशींतील मायटोकॉन्ड्रियामधले एक विकर तो शोषून घेते आणि त्यातून दाह कमी होतो, असे मानले जाते. 904 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही व त्वचेला जवळजवळ जाणवतही नाही, त्यामुळे गुडघ्याच्या कडेने टेकवलेला प्रोब चालू आहे की बंद, हे रोग्याला उमगत नाही. 2019 साली 22 चाचण्यांतील 1063 रोग्यांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा प्लासिबोपेक्षा लेसरने वेदना अधिक कमी झाल्याचे दिसले, आणि शिफारस केलेली मात्रा पाळलेल्या चाचण्यांत हा फरक ठळक होता. त्याआधी 2015च्या एका आढाव्यात मात्र असा लाभ आढळला नव्हता.

रूढ फिजिओथेरपीचा गाभा असलेल्या व्यायामाची गोष्ट निराळी आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे मोजून सैल सोडायचे, ही साधी क्रियाही रोग्याच्या नकळत होऊ शकत नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015च्या आढाव्यात 44 चाचण्यांवरून व्यायामाने वेदना शंभरांत सुमारे 12 अंकांनी उतरल्याचे दिसले, आणि पुढे 2024च्या सुधारित आढाव्यात हा लाभ त्याहून थोडका भरला. तरी रोग्याच्या अपेक्षेचा वाटा त्यातून पुरता वजा करता आलेला नाही. म्हणून व्यायामाचा पुरावा कच्चा मानावा काय? तसे मानणे तर्काला धरून नाही. अपेक्षा, सराव आणि पाय टाकताना वाटणारी भीती ओसरणे यांचा मोठा भाग या उपचाराचे अंगच आहे, आणि अंग वजा करून अंगी मोजता येत नाही. चरकाने रोग्याला पाद म्हटले आणि स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता व आपले दुखणे नीट सांगता येणे हे त्याचे गुण गणले. व्यायामात या चारांचीही गरज पडते. लेसरखाली निमूट पडून राहणाऱ्याला मुख्यतः शेवटचा गुण पुरतो. रूढ फिजिओथेरपीतील शेक आणि अल्ट्रासाउंडही या बाबतीत लेसरच्याच पंक्तीला बसतात, हे तुलना करणाऱ्यांच्या नजरेतून अनेकदा सुटते.

तथापि कर्तेपणाच्या या गौरवातून एक क्रूर निष्कर्ष निघू शकतो, तो असा की ज्याचा गुडघा बरा झाला नाही त्याने कष्टच केले नाहीत. रात्रभर ठणकणाऱ्या सांध्याला भार झेलायला सांगणे काही जणांच्या बाबतीत अन्यायच ठरेल; त्यांची वेदना प्रकाशाने उतरत असेल तर तो आत्रेयांनी सांगितलेला हातच आहे, आणि असा लेसर व्यायामाचा प्रतिस्पर्धी न राहता त्याची पूर्वतयारी होतो. त्यामुळे केवळ आठ-दहा बैठकींनंतरच्या वेदनेचे अंक शेजारी मांडणारी तुलना अपुरी आहे. जिना उतरणे, खुर्चीतून उठणे आणि मांडी घालणे रोग्याला सहा महिन्यांनी कितपत जमते, हेही तिने पाहायला हवे.