कळक आणि शुद्धी

वस्तू शुद्ध होते म्हणजे तिचे नेमके काय होते, हा भारतीय तत्त्वचिंतनातील एक मूलभूत प्रश्न आहे. स्वच्छ केल्याने वस्तूत पूर्वी नसलेले काही नव्याने येते, की तिच्यात मुळातच असलेले, परंतु झाकले गेलेले, तेवढेच मोकळे होते? पहिला पक्ष स्वीकारला तर स्वच्छता ही एक प्रकारची निर्मिती ठरते. दुसरा स्वीकारला तर ती केवळ अडथळ्याची निवृत्ती ठरते आणि फळाचे श्रेय करणाऱ्याच्या हातापेक्षा वस्तूच्या स्वभावाकडे अधिक जाते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांतील चौथ्या सूत्रावरील भाष्यात संस्काराचे, म्हणजे वस्तूवर केल्या जाणाऱ्या शुद्धिक्रियेचे, असेच दोन प्रकार मानले आहेत: गुणाधान, म्हणजे नव्या गुणाची भर घालणे, आणि दोषापनयन, म्हणजे असलेला दोष दूर करणे.

या प्रश्नाचा खानदेशाशी जवळचा संबंध आहे. अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली आणि अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाचे ते एक महत्त्वाचे केंद्र बनले. या संस्थेशी निगडित असलेल्या घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तीन अभ्यासकांचा ‘अज्ञान’ हा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञानाला झाकणारे ते अज्ञान कोणत्या स्वरूपाचे आहे, हाच त्याचा विषय. त्याआधी एकच वर्ष, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि कर्माने चित्त शुद्ध कसे होते हा त्या प्रवचनांतील एक प्रमुख धागा आहे. त्याच धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यांपैकी दुसरा पुढे जळगावला जातो, आणि या मार्गांच्या कडेला असलेल्या गॅरेजांत शुद्धीचा हाच प्रश्न रोज हातांनी सोडवला जातो.

मोटारीच्या इंजिनातील विजेच्या तारा एकमेकींना ज्या ठिकाणी मिळतात, त्या जोडाला वायरमन ‘कपलर’ म्हणतात. बाहेरून पाहता त्यातील धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना पूर्ण टेकलेल्या दिसतात, परंतु सूक्ष्म पातळीवर प्रत्येक पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे खरा स्पर्श मोजक्या उंचवट्यांच्या ठिकाणीच होतो आणि सारी वीज तेवढ्याच बिंदूंतून वाहते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळ्यात दमट हवा जोडांत शिरते, काळ्या मातीची बारीक धूळ सर्वत्र बसते आणि खराब रस्त्यावरील हादऱ्यांनी त्या पट्ट्या एकमेकींवर अगदी किंचित घासत राहतात. या साऱ्यांमुळे धातूवर ऑक्साइडाचा थर चढतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढणाऱ्या हिरवट थराला मराठीत ‘कळक’ म्हणतात. जोडावरचा थर त्याच जातीचा असून तो विजेचा अत्यंत मंद वाहक असतो.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. गाडी सुरू करताना स्टार्टर मोटर १०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढते. बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्टीवर केवळ ०.०१ ओहमचा जादा रोध निर्माण झाला, तरी ओहमच्या नियमानुसार १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो, आणि १२ व्होल्टच्या व्यवस्थेत ही हानी लहान नाही. संवेदकांच्या, म्हणजे सेन्सरांच्या, तारांत दोषाचे रूप अधिक सूक्ष्म असते. शीतकाचे तापमान सांगणाऱ्या संवेदकाचा रोध इंजिन तापत जाईल तसा कमी होतो आणि त्या रोधावरून नियंत्रक संगणक तापमान ओळखतो. गरम इंजिनावर हा रोध काही शे ओहमांपर्यंत उतरलेला असतो. त्यात कळकाच्या शंभर-दीडशे ओहमांची भर पडली की तापलेले इंजिन संगणकाला थंड भासते, तो गरजेपेक्षा अधिक इंधन सोडतो आणि गाडीचे अॅव्हरेज घसरते. येथे संवेदक बिघडलेला नसतो, संगणकही नाही. दोघांच्या मधे आलेल्या थरामुळे खऱ्या वस्तूविषयी खोटे ज्ञान उत्पन्न होते.

हा थर म्हणजे धातूचा अभाव नव्हे, ही गोष्ट तात्त्विक दृष्ट्या महत्त्वाची आहे. अद्वैत परंपरा अज्ञानाला ‘भावरूप’ म्हणते, म्हणजे केवळ ज्ञान नसणे असा त्याचा अर्थ न करता, झाकण्याची आणि भलतेच दाखवण्याची शक्ती असलेले काहीतरी अशी त्याची व्याख्या करते. या दोन शक्तींना अनुक्रमे आवरण आणि विक्षेप अशी नावे आहेत. जोडावरचा कळक खरा रोध झाकतो, हे आवरण. आणि गरम इंजिनाच्या जागी थंड इंजिन भासवतो, हा विक्षेप. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात धुराने झाकलेला अग्नी आणि मळाने झाकलेला आरसा हे दृष्टान्त येतात, त्यांचेही मर्म हेच आहे, की झाकणारे दूर झाल्यावर प्रकाश बाहेरून आणावा लागत नाही.

म्हणूनच जोड साफ करणे हे निखळ दोषापनयन आहे. बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल आधी काढावे आणि बसवताना शेवटी लावावे, तिच्यावरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, कपलरांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो पूर्ण उडून जाऊ द्यावा, एवढाच हा विधी. त्याने इंजिनाची शक्ती त्याच्या मूळ घडणीपलीकडे तसूभरही वाढत नाही. गाडी ‘सुधारली’ असे जे म्हटले जाते त्याचा खरा अर्थ ती स्वतःच्या मूळ स्वरूपावर परत आली, असा आहे. स्वच्छ जोडांच्या गाडीला पुन्हा स्वच्छ केल्याने काहीच लाभ होत नाही, यावरूनही या क्रियेत गुणाधान नसल्याचे सिद्ध होते.

मग ग्रीसचे काय, असा आक्षेप येथे रास्तपणे घेता येतो, कारण ग्रीस लावणे म्हणजे भर घालणेच होय. परंतु जोडांसाठी वापरले जाणारे सिलिकॉनचे ग्रीस स्वतः वीज वाहून नेत नाही, ते विद्युत्‌रोधक असते. पट्ट्या दाबून बसवल्या की स्पर्शाच्या उंचवट्यांवरून ते बाजूला सरते आणि भोवतालच्या फटी भरून हवा व पाणी यांना आत येऊ देत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती याच हेतूने: चिंचेने कळक निघतो, कल्हईने तो लवकर परत चढत नाही. पातंजल योगात चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यासाबरोबर वैराग्य सांगितले आहे, आणि ग्रीसाचे स्थान वैराग्यासारखे आहे. ते ज्ञान देत नाही, परंतु मळाला पुन्हा आत येऊ देत नाही, आणि खऱ्या स्पर्शाच्या जागेवरून स्वतः दूर होते.

दृष्टान्त कितीही जुळला तरी त्याची मर्यादा सांगणे हे विचाराचे कर्तव्य आहे. आरसा घासल्याने त्याची चकाकी प्रकट होते तसाच आत्म्याचा मोक्ष क्रियेने प्रकट होईल, हा पूर्वपक्ष शंकराचार्यांनी मांडला आणि नाकारला, कारण क्रिया ज्या वस्तूवर घडते तिच्यात विकार घडवल्याशिवाय राहत नाही आणि आत्मा अविकारी आहे. कळक चढताना धातूचा काही अंश खरोखरच बदलून जातो, घासताना तो झिजून नाहीसा होतो, आणि वर्षभराने तेच काम पुन्हा करावे लागते. आत्म्यावरचा मळ मात्र वेदान्ताच्या मते कधी चढलेलाच नसतो, म्हणून तो कर्माने न निघता ज्ञानाने निवृत्त होतो. कर्माचे क्षेत्र चित्त हे आहे. चित्त जोडासारखे आहे, त्यावर थर चढतो, त्याला पुन्हा पुन्हा शुद्ध करावे लागते, आणि त्यासाठी आयुष्यभराचा उद्योग कमी पडतो.

या विचाराचा आचाराशी मेळ खंडेनवमीला आणि दसऱ्याला बसतो. त्या दिवसांत गॅरेजांत पाने-हातोड्यांची मांडणी होते, धुतलेल्या गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात आणि बॉनेटवर हळदकुंकू वाहिले जाते. मीमांसकांनी यज्ञातील धान्यावरच्या दोन संस्कारांत भेद केला आहे: पाणी शिंपडणे, म्हणजे प्रोक्षण, याचे फळ अदृष्ट आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे आहे, तर कांडणे, म्हणजे अवघात, याचे फळ दृष्ट आहे, कारण त्याने कोंडा निघतो. दोन्ही यज्ञाची अंगे आहेत आणि एकामुळे दुसरे अनावश्यक होत नाही. हळदकुंकू हे यंत्राचे प्रोक्षण आहे आणि बॉनेटखाली वाकून एकेक कपलर उघडणे, कळक काढणे, ग्रीसचा पातळ हात फिरवणे हा त्याचा अवघात आहे. पहिल्याने माणूस यंत्राविषयीची कृतज्ञता व्यक्त करतो, दुसऱ्याने ती खरी असल्याचे दाखवून देतो. कारण ज्या धान्यावर केवळ पाणी शिंपडले आणि जे कांडलेच नाही, त्याचा पुरोडाश, म्हणजे यज्ञात अर्पण करायचा पिठाचा रोट, होत नाही.