कूळ, मालक आणि बांध

कांहीं प्रश्न बाजारांत जन्मास येतात आणि तेथेंच विरून जातात. कांहीं मात्र बाजारांतून घरांत येतात, घरांतून शाळेंत जातात, आणि मग त्यांचें रूप पालटतें. नवा संगणक घेतांना त्यावर विंडोज असावें कीं लिनक्स, हा प्रश्न वरवर पाहतां पहिल्या जातीचा वाटतो. दुकानदार एका वाक्यांत त्याचा निकाल लावतो, आणि घरांतील कर्ता पुरुषहि 'सगळे घेतात तेंच द्या' असें म्हणून मोकळा होतो. परंतु ज्या साधनावर आपलीं मुलें लिहावयास शिकतात, ज्यांत आपले हिशेब, पत्रें आणि छायाचित्रें सांठतात, त्या साधनाचा अंतिम धनी कोण, हा प्रश्न केवळ किमतीचा असूं शकत नाहीं. तो नीतीचाहि आहे, असें माझें मत आहे. आणि तो कसा, हें येथें तपासून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम वाद कशाबद्दल आहे तें पाहूं. संगणकाचें यंत्र स्वतः मुकें असतें. कळ दाबली असतां पडद्यावर अक्षर उमटावें, लिहिलेलें जपून ठेवलें जावें, हवें तेव्हां कागदावर छापलें जावें, ही सर्व व्यवस्था पाहणारा जो मूळ कारभारी, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणालि म्हणतात. हा कारभारी दोन प्रकारचा मिळतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें विंडोज विकत मिळतें. पण जें विकत मिळतें तें वापरण्याचें अनुज्ञापत्र. ज्या सूचनांनीं तो कारभार चालतो त्यांचें लेखन, म्हणजे मूळ संहिता, कंपनीच्या कुलपांत राहते. लिनक्सची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें ग्नू नांवाचा प्रकल्प जाहीर केला, आणि हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यानें १९९१ मध्यें लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या मिलाफांतून जी प्रणालि उभी राहिली ती कोणीहि घ्यावी, उघडून वाचावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. अट एवढीच कीं, सुधारलेली प्रत दुसऱ्यास देतांना तिची संहिताहि त्याच मोकळीकीनें द्यावी.

इंग्रजी भाषेंत या प्रकाराला जें विशेषण लावतात त्याचा अर्थ 'फुकट' असाहि होतो आणि 'स्वतंत्र' असाहि होतो. त्यामुळें इंग्रजी लेखकांची खुलासा करतां करतां पुरेवाट होते. मराठीला ही अडचण नाहीं. आपल्याकडे मोफत निराळें आणि मुक्त निराळें. असें असूनहि आपल्याकडील बहुतेक चर्चा मोफत या एकाच शब्दाभोंवतीं फिरते, हें नवल होय. वस्तुतः किमतीचा मुद्दा फार लवकर गळून पडतो. २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विकसनशील देशांच्या सरकारांना विद्यार्थ्यांसाठीं विंडोज आणि लेखन-हिशेबाचीं साधनें मिळून अवघ्या तीन डॉलरांत देऊं केलीं होतीं. किंमत हाच जर आक्षेप असता, तर त्या दिवशीं वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं. कारण कंपनीनें किंमत सोडली होती, कुलूप सोडलें नव्हतें.

या कुलपाचा अर्थ रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील, वाचकांस फार समजावून सांगावा लागूं नये. कूळ जमीन कसतें, पेरतें, कापतें. पण ती किती दिवस कसावयाची आणि कोणत्या अटींवर, हें त्याच्या हातीं नसतें. अलिबाग तालुक्यांतील चरी येथील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पड ठेवून संप केला, तो खंड थोडा कमी व्हावा एवढ्यासाठींच नव्हता. कसणाऱ्याचा जमिनीवर कांहीं हक्क असावा, अशीहि त्यामागें आकांक्षा होती. विंडोज वापरणारा गृहस्थ आपल्या यंत्राचा मालक असतो. त्यावरील प्रणालीच्या बाबतींत मात्र तो कूळच असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीची नेहमींची दुरुस्ती कंपनीनें थांबविली. आणि तिच्या पुढची प्रणालि जुन्या बनावटीच्या अनेक यंत्रांवर चढविण्यास कंपनीच्याच अटी आड आल्या. यंत्रें धडधाकट होतीं, मालकांची कांहीं तक्रार नव्हती. तरी मुदत संपली ती दुसऱ्याच्या शब्दानें. थोडी मुदतवाढ मिळाली, तीहि त्याच्याच अटींवर.

येथें उपमेला आवर घातला पाहिजे. खोतानें जमीन निर्माण केली नव्हती; कंपनीनें मात्र आपली प्रणालि स्वतःच्या खर्चानें आणि हजारों माणसांच्या बुद्धीनें उभी केली आहे. बिल गेट्स यांनीं १९७६ मध्येंच हौशी संगणकप्रेमींना उघड पत्र लिहून विचारलें होतें कीं, कामाचा मोबदला मिळणार नसेल तर चांगलें काम करील कोण? हा प्रश्न तेव्हां रास्त होता आणि आजहि आहे. पेणच्या मूर्तिकारास मूर्तीची किंमत मागण्याचा जो अधिकार, तोच संहिता लिहिणारासहि आहे. मात्र विकणें आणि कुलूप लावणें या दोन गोष्टी एकच नव्हेत. पेणहून कच्च्या मूर्ति परगांवीं जातात आणि तेथला रंगारी त्यांवर आपला हात फिरवितो. त्यामुळें मूर्तिकाराचें मोल बुडत नाहीं. तरी ज्यास कुलूपबंद वस्तु विकावयाची आहे त्यानें ती विकावी, आणि ज्यास ती सोयीची वाटते त्यानें ती घ्यावी. ज्या हिशेबनिसाचें सारें काम विंडोजवर चालणाऱ्या टॅलीवर अवलंबून आहे, त्यानें तत्त्वासाठीं धंदा बुडवावा असें सांगणारा नीतिवेत्ता मला मान्य नाहीं. शहाण्या माणसानें डोळे उघडे ठेवून स्वतःपुरतें कूळ होऊन राहण्याचें ठरविलें, तर त्यांत दोष नाहीं.

दोष आहे तो तिसऱ्या मार्गांत. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गांतील पुष्कळांनीं वर्षानुवर्षें तोच चोखाळला. शेजाऱ्याच्या वाडींत पडलेला नारळहि जेथें कोणी उचलीत नसे, त्या घरांत विंडोजची चोरटी प्रत बिनदिक्कत चाले. 'चोरी' हा शब्द मात्र कोणी उच्चारीत नसे. 'दुकानदारानें घालून दिलें' असें म्हणत. यांत कंपनीचें मोठें नुकसान झालें असें कोणास वाटेल. परंतु १९९८ मध्यें वॉशिंग्टन विद्यापीठांतील एका संभाषणांत चीनविषयीं बोलतांना खुद्द गेट्स यांनींच असा आशय व्यक्त केला होता कीं, लोक चोरणारच असतील तर त्यांनीं आमचेंच चोरावें. एकदां संवय जडली म्हणजे वसुलीचा मार्ग पुढें सांपडेल. खरें नुकसान झालें तें आपल्या विवेकाचें. किंमत मोजावी लागली असती, तर 'दुसरें कांहीं आहे काय?' असें आपण विचारलें असतें. चोरीनें तो प्रश्नच उद्भवूं दिला नाहीं. विंडोजची किंमत पैशानें द्यावी लागते, लिनक्सची किंमत शिकण्याच्या श्रमानें द्यावी लागते. ज्यानें दोन्ही चुकविल्या त्यानें निवड केली असें म्हणतांच येत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. स्वतःसाठीं निवडणें आणि दुसऱ्यासाठीं निवडणें यांत नीतिदृष्ट्या मोठें अंतर आहे. नागोठणें आणि रोहें यांच्यामध्यें निडी नांवाचें लहानसें रेल्वे स्थानक आहे. तशा एखाद्या गांवच्या शाळेला कोणी दहा संगणक देणगी दिले, असें समजा. त्यांवर कोणती प्रणालि असावी हें मुख्याध्यापक ठरवितील किंवा देणगीदार. मुलांना कोणी विचारणार नाहीं. आणि जी प्रणालि मुलें प्रथम हाताळतील तिलाच तीं 'संगणक' म्हणूं लागतील. महाराष्ट्रांत हें मोठ्या प्रमाणावर घडलेंच आहे. २००१ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानें लाखों लोकांच्या मनांतील संगणकाची भीति घालविली, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु त्याच काळांत संगणक आणि विंडोज हे आपल्याकडे जवळजवळ समानार्थी शब्द होऊन बसले, हेंहि तितकेंच खरें. केरळानें निराळी वाट धरली; तेथील सरकारी शाळांचें संगणकशिक्षण या शतकाच्या पहिल्याच दशकांत मुक्त प्रणालीवर आणलें गेलें. भारत सरकारनेंहि २०१५ मध्यें आपल्या कारभारासाठीं मुक्त संहितेच्या साधनांना प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें.

या निवडीचा एक प्रसंग आपल्या जिल्ह्यालाहि स्पर्शून गेला आहे. कर्जत तालुक्यांतील खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेंत २००७ मध्यें 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या चिमुकल्या यंत्रांत लिनक्सवर उभारलेली शुगर नांवाची व्यवस्था होती. आणि त्यांच्या कळफलकावर एक अपूर्व कळ ठेवलेली होती. ती दाबली असतां, समोर जें चाललें आहे त्याची मूळ संहिता मुलाला पाहतां यावी, अशी कल्पना होती. पुढच्याच वर्षीं योजनेच्या चालकांनीं या यंत्रांवर विंडोजहि चालावें असें मायक्रोसॉफ्टशीं ठरविलें. योजनेचे प्रवर्तक निकोलस निग्रोपॉन्टे यांची दृष्टि अशी कीं, यंत्रें अधिकांत अधिक मुलांपर्यंत पोंचलीं पाहिजेत. शुगरच्या घडणींत पुढाकार घेतलेले वॉल्टर बेंडर यांनीं त्याच सुमारास योजना सोडली आणि शुगरचें काम स्वतंत्रपणें चालू ठेवलें. दोघेहि मुलांचेंच हित पाहत होते. एकाचा प्रश्न 'किती मुलांना?' असा होता. दुसऱ्याचा 'त्यांना नेमकें काय?' असा होता.

यावर व्यवहारी मनुष्य विचारील, धनगरवाड्यांतील आठ वर्षांच्या पोरानें ती कळ दाबून करावयाचें काय? पडद्यावर उमटणारीं इंग्रजी अक्षरें त्याच्या कितीशा उपयोगाचीं? आक्षेप जोरकस आहे, आणि मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनीं तो हंसण्यावारी नेऊं नये. १९४८ च्या कूळकायद्यानें आणि १९४९ च्या खोती-निर्मूलनाच्या कायद्यानें कुळांना हक्क मिळाले. पण बैल, बियाणें आणि भांडवल कांहीं कायद्याच्या कागदांतून निघालें नाहीं. हक्क हातीं येणें आणि तो वापरतां येणें यांत अंतर राहतेंच. तथापि बैल नाहींत म्हणून जमीन खोताकडेच राहूं द्यावी, असें कोणी म्हटलें असतें तर तें आपणांस पटलें नसतें. शंभर मुलांपैकीं नव्याण्णव ती कळ कदाचित् कधींच दाबणार नाहींत. पण शंभरावें कोणतें, हें आधीं कोणास सांगतां येतें? शिक्षकास तें ठाऊक नसतें, म्हणूनच त्यानें दार उघडें ठेवावयाचें. शाळेच्या ग्रंथालयांतील बहुतेक पुस्तकें बहुतेक मुलें वाचीत नाहींत. तेवढ्यावरून आपण कपाटाला कायमचें कुलूप घालीत नाहीं.

मात्र दार उघडें ठेवलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें होत नाहीं. पेणच्या खारेपाटांतील शेतकऱ्याला हें अनुभवानें ठाऊक आहे. तेथील भातशेतें भरतीच्या पाण्यापासून बांधांनीं राखलेलीं असतात. बांधाचा लाभ सर्वांचा, म्हणून त्याची राखणहि सर्वांची. खेकड्यांनीं बिळें पाडलीं किंवा माती खचली, तर तें वेळींच बुजवावें लागतें. 'बांध माझ्या एकट्याचा थोडाच आहे' असें जो तो म्हणूं लागला, कीं एखाद्या उधाणाला खारें पाणी सर्वांच्याच शेतांत शिरतें आणि जमीन पुन्हां गोडी होण्यास वर्षें जातात. मुक्त प्रणालीचें असेंच आहे. २०१४ मध्यें ओपनएसएसएल या मुक्त साधनांत एक मोठें छिद्र सांपडलें. असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार या साधनाच्या भरंवशावर चालत होते, आणि तें छिद्र सुमारें दोन वर्षें तसेंच राहिलें होतें. मग लोकांच्या लक्षांत आलें कीं, एवढा बांध राखणारीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं, त्यांत पूर्ण वेळ काम करणारा एकच, आणि त्या कार्यास मिळणारी देणगी वर्षाकांठीं सुमारें दोन हजार डॉलर. संहिता सर्वांना उघडी होती. ती वाचण्याची तसदी मात्र फारच थोड्यांनीं घेतली होती. मोफत म्हणून वापरणारे जगभर, आणि मुक्त म्हणून राखणारे चार-दोन, असा तो हिशेब होता.

म्हणून मला असें वाटतें कीं, गृहस्थानें स्वतःसाठीं कोणतीहि प्रणालि घ्यावी. ती चोरलेली मात्र नसावी. ज्याच्या हातीं इतरांची निवड आहे, अशा शिक्षकानें, संस्थाचालकानें आणि सरकारनें मुक्त प्रणालि निवडावी, आणि वांचलेला पैसा बांधावर खर्च करावा: शिक्षकांना तयार करण्यावर, गांवांतल्या गांवांत दुरुस्ती करूं शकेल अशा तरुणाला शिकविण्यावर, आणि हें सारें मराठींतून समजावून देण्यावर. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पानें मुक्त साधनांवरील पाठ मराठींतहि उपलब्ध केले आहेत. तेव्हां काम अशक्य आहे असें कोणीं म्हणूं नये. हें कांहींच न करतां नुसतें लिनक्स घालून देणारी शाळा मुलांना मुक्त करीत नाहीं. ती आपला खर्च वांचविते, इतकेंच. अशा शाळेच्या चालकांनीं देणगीदाराला 'प्रणालि कोणती?' हें अवश्य विचारावें. परंतु त्याच श्वासांत आणखीहि एक विचारावें: ती बिघडली तर उघडून पाहणारा आमच्या गांवांत कोण, आणि त्याला शिकविण्याचा खर्च कोण करणार?